आजीचे सोने, नातवाचे नाव

रायपूर शहरातील पंडरी हा भाग बाहेरच्या लोकांना ठाऊक असतो तो घाऊक कापड बाजारामुळे. लग्नसराई जवळ आली की लहानमोठ्या गावांतले दुकानदार येथे गठ्ठे बांधून घ्यायला येतात. आंतरराज्य बस स्थानकही २०२१ पर्यंत येथेच होते, पुढे ते भाटागावला गेले. या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने पंडरीतील कृषी उपज मंडीच्या जागेवर जेम्स अँड ज्वेलरी पार्क उभारण्याचे ठरविले, आणि ज्या जागी धानाची पोती मोजली जात तेथे पुढेमागे सोने मोजले जाणार अशी चर्चा सुरू झाली. रायपूरची जुनी सराफ पेठ सदर बाजारात आहे. तिथले काय होणार, यावर आमच्या परिसरातील निवृत्त मंडळी सकाळी फिरताना बरेच बोलत. त्यातच मला, एक सरकारी नोकर आणि त्यातून अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून, एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला. घरातले सोने-चांदी मुलांना न देता थेट नातवंडांना द्यायचे आहे, नातवंडे अजून लहान आहेत, तर ते कसे द्यावे?

प्रश्न कौटुंबिक वाटतो, पण प्रशासनाच्या इतिहासात तो वेगवेगळ्या रूपांत अनेकदा येऊन गेला आहे. विशेष म्हणजे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण ज्या राज्यात घडले, त्या राज्याचाच रायपूर हा एक भाग होता. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना ते सांगावे म्हणून हा लेख.

नागपूरकर भोसल्यांचे सैन्य १७४१ मध्ये भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढात उतरले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपूरला राहून येथला कारभार पाहत होते. त्यानंतर सुभेदार आले. दुसरे रघूजी भोसले १८१६ मध्ये वारले, १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आणि आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी पदच्युत केले. आता गादीवर कोणाला बसवायचे? २६ जून १८१८ रोजी दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा, जेमतेम दहा वर्षांचा, तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसला. मुलाची आणि राजवाड्याची देखभाल दुसऱ्या रघूजींच्या विधवा पत्नी बाकाबाई यांच्याकडे राहिली, आणि राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी आपल्या हाती घेतला. त्याच व्यवस्थेत कॅप्टन ॲग्न्यू यांनी छत्तीसगढचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. म्हणजे रायपूर हे आज राजधानीचे शहर आहे त्याची सुरुवात एका अज्ञान नातवाच्या पालकत्वातून झालेली आहे. ही गोष्ट येथील शाळांत शिकवतात की नाही हे मला माहीत नाही, पण शिकवायला हरकत नसावी.

या वाटणीकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. मुलाच्या अंगावरचे दागिने आणि जामदारखान्याच्या किल्ल्या आजीकडे, आणि महसूल, फौज, न्याय रेसिडेंटकडे. नातू मोठा झाल्यावर १८२६ च्या तहाने काही मुलूख आणि १८३० च्या सुमारास छत्तीसगढही त्याच्याकडे परत आले. तोपर्यंत आजीने आपल्या वाट्याचे काम चोख केले होते. जंगम संपत्ती घरात सुरक्षित होती. मात्र तिच्यापैकी कोणती संपत्ती राज्याची आणि कोणती घराण्याची, हे कोठेही स्पष्ट लिहून ठेवलेले नव्हते. राज्य चालू असेपर्यंत तशी गरजही कोणाला वाटली नाही.

पुढचा भाग कळण्यासाठी तीन मृत्यू शेजारी ठेवून पाहावे लागतात. २८ जानेवारी १८५१ रोजी बिठूरला दुसरे बाजीराव वारले. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे गंगाधरराव वारले. त्यानंतर वीस दिवसांनी, ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरला तिसरे रघूजी वारले. तिघांनाही औरस मुलगा नव्हता, आणि तिन्ही प्रकरणांत कलकत्त्याला बसलेला गव्हर्नर जनरल एकच होता, लॉर्ड डलहौसी. तरी सोन्या-नाण्याचे काय झाले हे तिन्ही ठिकाणी वेगळे आहे, आणि तो फरक मुख्यतः कागदाचा आहे.

बाजीरावांनी १८३९ सालीच मृत्युपत्र करून दत्तक पुत्र नानासाहेब यांना वारस नेमले होते. सालीना आठ लाखांचे पेन्शन कंपनीने बंद केले आणि त्यावरून पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. पण खाजगी जडजवाहीर आणि रोखे नानासाहेबांकडेच गेले. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष पाच वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदर ठेवले आणि तसे पत्र दिले. डलहौसीने झाशीचे राज्य खालसा केले, पण हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे खाजगी मालमत्तेचा वारस हा दत्तक मुलगाच आहे, हे मात्र त्याने मान्य केले. त्यानुसार सुमारे सहा लाख रुपये मुलगा सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावे सरकारने ठेवून घेतले. १८५५ मध्ये मुलाच्या मुंजीसाठी राणी लक्ष्मीबाईंनी त्यांतील एक लाख रुपये मागितले, तेव्हा सरकारने जामीनदार मागितले. आईला मुलाच्याच पैशातून त्याची मुंज करायची होती, आणि त्यासाठी तिला जामीन द्यावा लागला. मी स्वतः अनेक वर्षे सरकारी पैशाच्या फायली पाहिलेल्या आहेत. नियम म्हणून पाहिले तर त्या अधिकाऱ्याने विश्वस्ताने करावे तेच केले होते असे म्हणता येईल. पुढे सत्तावन्न साल आले, आणि विश्वस्ताने स्वतःच ठेव बुडविली. दामोदररावांना ती रक्कम कधीच मिळाली नाही. १९०६ मध्ये इंदूरला ते वारले.

नागपूरला यातले काहीच नव्हते. तिसऱ्या रघूजींनी हयातीत दत्तक घेतला नाही आणि मृत्युपत्रही केले नाही. नात्यातल्या यशवंतराव अहेरराव या तरुणाने उत्तरक्रिया केली, राजघराण्यातील स्त्रियांनी त्याला दत्तक मानले, पण १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. नंतर राजवाड्यातील जंगम संपत्तीची पाळी आली. हत्ती, घोडे, बैल यांचा लिलाव सीताबर्डीला झाला आणि ते कवडीमोलाने गेले. बाकाबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. सामानसुमान वाड्याबाहेर काढू लागले तेव्हा त्यांनी वाड्याला आग लावीन अशी धमकी दिली, असे जॉन के या इंग्रज इतिहासकाराने सत्तावनच्या उठावाच्या इतिहासात लिहून ठेवले आहे. आग लागली नाही, सामान निघाले, आणि थोडे दागिने सोडून बाकीचे जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. सरकारचे म्हणणे असे की, ही संपत्ती आम्ही खिशात घालीत नाही. विक्रीतून आलेल्या रकमेचा 'भोसला फंड' होईल आणि त्यातून घराण्यातील स्त्रियांची तरतूद होईल. आता मी अर्थशास्त्र शिकलो आहे. पेटीत पडून राहणारा, व्याज न देणारा, चोरीची भीती असलेला धातू विकायचा आणि त्या रकमेतून कायमचे उत्पन्न बांधून द्यायचे, हा सल्ला वर्गात कोणीही प्राध्यापक देईल. केन्सने १९१३ मध्ये भारतीय चलनावर पुस्तक लिहिले, त्यातही भारतीयांचे मौल्यवान धातूंचे वेड त्यांच्याच आर्थिक विकासाला घातक आहे असाच सूर आहे. मग ऐंशी वर्षांची, सर्वार्थाने शहाणी म्हणून इंग्रजांनीही वाखाणलेली, आणि पुढे १८५७ मध्ये नागपूर शांत ठेवणारी बाई आग लावायला का निघाली? तिला हिशेब कळत नव्हता असे मानायला मी तयार नाही. तिला तो चांगलाच कळत होता. पेटीतले जवाहीर कोणाला द्यायचे हे तिच्या हातात होते, आणि फंडातून कोणाला किती द्यायचे हे कमिशनरच्या हातात जाणार होते. व्याज मिळणार होते, पण देणाऱ्याचा हात बदलणार होता.

या ठिकाणी एका अधिकाऱ्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. इव्हान्स बेल नावाचे एक लष्करी अधिकारी १८५५ पासून नागपूरला असिस्टंट कमिशनर होते. भोसले घराण्यावर अन्याय होत आहे असे त्यांचे मत झाले आणि ते त्यांनी वरिष्ठांना इतक्या आग्रहाने कळविले की, शिस्तभंगाबद्दल त्यांना कडक ताकीद मिळाली आणि नागपूरहून हलविण्यात आले. पुढे त्यांनी या विषयावर पुस्तके लिहिली. सरकारी नोकरीत मत नोंदविण्याचा अधिकार किती आणि त्याची किंमत किती, यावर आमच्या प्रशिक्षणकाळात व्याख्याने होत, पण बेल यांचे नाव मी त्यांत कधी ऐकले नाही. यशवंतराव म्हणजेच जानोजी यांना १८६० नंतर देऊरचे राजेबहादूर म्हणून मान्यता मिळाली. कलकत्त्याला गेलेले जवाहीर अर्थातच परत आले नाही. असो.

राजेरजवाड्यांचे सोडून देऊ. सामान्य माणसाच्या घरात नातवासाठी ठेवलेल्या धातूचे काय होत होते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. छत्तीसगढात ही ठेव बहुतांशी चांदीची होती. ऐंठी, सुता, करधन, पैरी हे येथले दागिने आजही आठवडी बाजारात दिसतात. येथल्या 'पुतरी' या गळ्यातल्या दागिन्याचे आणि आपल्या पुतळ्यांच्या माळेचे नाते नावातच दिसते. दोन्हींत नाणे हेच मूळ एकक. म्हणजे नाणी ओवून गळ्यात घालायची आणि अडचण आली की एकेक सोडवून मोडायची. याहून सोपी बचत बँक कोणती असणार?

ही बँक बुडाली ती १८९३ मध्ये, आणि तीही कायद्याने. तोपर्यंत कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे दागिन्यातली चांदी आणि रुपयातली चांदी यांची किंमत जवळपास सारखी राहत होती. जगात चांदीचे भाव घसरू लागले, सरकारला विलायतेला पाठवायच्या रकमा जड जाऊ लागल्या, आणि १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या. रुपयाचा दर पुढे १६ पेन्सवर स्थिर करण्यात आला. लंडनला १८७० च्या सुमारास औंसाला ६० पेन्स असलेली चांदी १९०० मध्ये २८ पेन्सच्या आसपास आली होती. हिशेब केला तर १९०० साली रुपयाभर वजनाच्या चांदीत केवळ दहा-साडेदहा आण्यांचा धातू होता. ज्या आजोबांनी १८७० मध्ये नातवाच्या नावाने शंभर रुपये भार चांदी करून ठेवली, त्यांनी काहीही चूक केली नव्हती. नातवाने ती १९०० मध्ये बाजारात नेली तेव्हा तिचे साठ-पासष्ट रुपये आले असतील, सराफाची घट वेगळी. आणि १९०० हे साल साधे नव्हते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्य प्रांतावर आले, रायपूर जिल्हा त्यांत होरपळला. ज्या दिवसासाठी चांदी ठेवलेली होती तो दिवस उगवला, आणि नेमकी त्या दिवशी तिची नाणी पाडून मिळत नव्हती. चलनविषयक निर्णय घेताना ज्यांच्याकडे खाते नाही त्यांचा विचार कोण करतो, हा प्रश्न मला या आकड्यांकडे पाहून नेहमी पडतो.

१९३१ मध्ये उलटे घडले. १९२७ च्या चलन कायद्यात सोन्याचा दर तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा होता. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला, भाव चढले, इकडे धान्याचे भाव कोसळलेले आणि सारा व सावकार दारात उभे. घराघरांतले सोने बाहेर पडून जहाजांनी विलायतेला गेले. भाव चांगला आला म्हणून विकले असे काही जण म्हणत, पण त्याला 'डिस्ट्रेस गोल्ड' हे नाव पडले ते उगाच नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या सरकारनेही सोन्याशी चार हात केलेच. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंचे सुवर्ण नियंत्रण आले. नवे दागिने १४ कॅरेटचेच करायचे असा नियम झाला आणि सोनारांचे हाल झाले. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ च्या कायद्याने सोन्याच्या लगडी बाळगण्यास मनाई झाली, दागिन्यांना नाही. त्याचा परिणाम आजही आपल्या घरांत दिसतो. ठसठशीत, नक्षी नसलेल्या, घडणावळ कमीत कमी असलेल्या पाटल्या आणि गोठ हे दागिने म्हणून कमी आणि लगड म्हणून जास्त घडविलेले होते. कायदा १९९० मध्ये रद्द झाला. आमच्या पिढीतल्या अनेक नातवंडांच्या वाट्याला आलेल्या पाटल्यांचा आकार अशा रीतीने अर्थमंत्र्यांनी ठरविलेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्याच परिसरात राहणाऱ्या एक काकू आहेत. वय ऐंशीच्या आसपास. मूळ घर तात्यापाऱ्यातले, म्हणजे रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतले. दोन नातवंडे न्यू जर्सीला, एक नात बंगळूरला, तिन्ही दहा वर्षांच्या आतली. त्यांनी मला बोलावून घेतले आणि लाकडी डबा उघडून समोर ठेवला. मी म्हणालो, "काकू, हे मुलाला आणि मुलीला देऊन टाका ना, त्यांच्याकडून पुढे जाईलच." त्यावर त्यांनी स्वतःची हकीगत सांगितली.

"भाऊ, माझ्या आजीनं माझ्या नावानं दहा तोळे ठेवले होते. मी तेव्हा सहा वर्षांची. लग्नाच्या वेळी आईनं सांगितलं, की त्या दहा तोळ्यांचं शेत झालं. मी म्हटलं, बरं झालं, शेत कुठं आहे? तर शेत भावांच्या नावावर होतं. कोणी चोरी केली नाही हो. सगळे चांगलेच होते. पण माझं काहीच नव्हतं."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. घरी येऊन मी कायद्याची पुस्तके काढली. काकूंच्या बाबतीत जे झाले ते आज होऊ शकेल काय? दुर्दैवाने होऊ शकेल. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातील कलम ८ प्रमाणे अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता विकायची तर पालकाला न्यायालयाची परवानगी लागते. शेत, घर यांना हे संरक्षण आहे. सोन्याला, म्हणजे जंगम मालमत्तेला, ही परवानगीची अट नाही. पालकाने मुलाच्या हिताचेच केले पाहिजे हे तत्त्व आहे, परंतु ते सिद्ध करायला मुलाने मोठे होऊन आईबापांविरुद्ध उभे राहिले पाहिजे. आपल्याकडे कोण राहतो?

दुसरी गोष्ट वारसाहक्काची. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे स्त्रीने मृत्युपत्र केले नाही, तर तिची मालमत्ता प्रथम मुलगे, मुली व पती यांच्याकडे जाते. नातवंडांचा हक्क येतो तो त्यांचे आई किंवा वडील आधी वारले असतील तरच. तेव्हा "माझ्यामागे नातवंडांचेच आहे" हे समाधान कागदाविना फोल आहे. तिसरी गोष्ट बक्षिसाची. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूचे बक्षीस एक तर नोंदणीकृत दस्ताने होते किंवा वस्तू प्रत्यक्ष हवाली करून. डबा स्वतःच्या लॉकरमध्ये ठेवून वाढदिवसाला "हे सगळे तुझे" म्हटल्याने मालकी बदलत नाही. आपल्या घरांत नेमके एवढेच होत असते. आणि नातवंड अजून जन्मालाच आले नसेल तर? १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या टागोर घराण्याच्या प्रसिद्ध खटल्यात, न जन्मलेल्याच्या नावे हिंदू माणूस काही देऊ शकत नाही असे ठरविले होते. ती अडचण १९१६ च्या कायद्याने मर्यादित स्वरूपात दूर झाली. म्हणजे पहिल्या नातवंडाची वाट पाहणाऱ्यालाही आज सोय आहे, पण तीही लेखीच.

मी काकूंना जे सुचविले ते सांगतो. प्रथम यादी. मोडी दप्तरांत दागिन्यांच्या याद्या असत आणि लग्नाच्या याद्या आपल्याकडे कालपरवापर्यंत होत, ती पद्धत आपण उगाच सोडली. यादी करताना एक मौज झाली. काकूंच्या जुन्या वहीत तोळे होते आणि सराफाच्या नव्या पावत्यांत ग्रॅम. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, बारा माशांचा. आता सराफ बोलताना दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो. वहीतल्या दहा तोळ्यांचे नव्या भाषेत शंभर ग्रॅम धरले असते तर नातवंडांचे साडेसोळा ग्रॅमहून अधिक सोने कागदावरच नाहीसे झाले असते! चांदीच्या रुपयांचेही तसेच. राणीछाप रुपया ३१ मार्च १९४१ नंतर चलनातून गेला, पण त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी आहे. १९४० नंतर पाडलेल्या सहाव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयांत निम्मीच. दोन्ही एकाच पुरचुंडीत बांधून "चाळीस रुपये" असे लिहिणे बरोबर नाही. हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने विक्रेत्यांना सक्तीचा झाला, घरातल्या जुन्या दागिन्यांना नाही. तरी कस लावून घेऊन तो आकडा यादीत लिहिला.

मग मृत्युपत्र, दोन साक्षीदारांसह. ते नोंदविणे सक्तीचे नसले तरी आम्ही नोंदविले. त्यात तिन्ही नातवंडांचे भाग वस्तुवार लिहिले आणि ती सज्ञान होईपर्यंत ते कोणी सांभाळायचे याचीही व्यवस्था लिहिली. सांभाळणारे दोघे नेमले, आणि त्या दोघांत मुलांचे आईबाप नाहीत. यावर काकूंचा मुलगा फोनवर थोडा दुखावला. "आई, माझ्यावर विश्वास नाही का?" काकू म्हणाल्या, "तुझ्यावर आहे रे. पण माझ्या वडिलांवरही माझा होता." मुलगा शहाणा आहे, नंतर त्यानेच मसुदा वाचून दोन दुरुस्त्या सुचविल्या.

सोने विकून रोखे घ्यावेत का, हेही त्यांनी विचारले. केंद्र सरकारचे सुवर्णरोखे नोव्हेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०२४ या काळात निघाले. आठ वर्षांची मुदत, वर व्याज, आणि मुदतीअंती सोन्याच्या भावाने पैसे. अज्ञान मुलाच्या नावे पालकाला ते घेता येत. ज्यांनी घेतले त्यांचे भले झाले. नवे रोखे निघणे त्यानंतर थांबले, तेव्हा प्रश्नच उरला नाही. 'भोसला फंड' आणि हे रोखे यांत फरक एवढाच की येथे घेणारा स्वखुशीने घेत होता आणि रोख्यावर त्याचेच नाव होते. बाकाबाईंना हा फरक लगेच समजला असता असे मला वाटते.

परदेशातील वाचकांसाठी काही गोष्टी. आजी-आजोबांकडून मिळालेल्या भेटीवर भारतात घेणाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्याला परदेशस्थ व्यक्तीकडून वर्षभरात एक लाख डॉलरहून अधिक भेट मिळाली, तर फॉर्म ३५२० भरून कळवावे लागते. कर नसला तरी न कळविल्यास दंड मोठा आहे. ११ मे १९९४ च्या परिपत्रकातील विवाहित स्त्रीला ५०० ग्रॅम, अविवाहितेला २५० आणि पुरुषाला १०० ग्रॅम हे आकडे अनेकांना तोंडपाठ असतात. झडतीत तेवढे दागिने जप्त करू नयेत एवढाच त्यांचा अर्थ. तो मालकीचा पुरावा नव्हे. मौल्यवान दागिने घेऊन भारतातून जाताना आणि ते परत आणण्याचा विचार असेल, तर निघतानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना वाद होत नाही.

आणि शेवटी पुतळ्यांच्या माळेविषयी. काकूंच्या डब्यातली ही माळ त्यांच्या आजेसासूबाईंच्या सासूची. न्यू जर्सीच्या थोरल्या नातीने व्हिडिओवर पाहून तीच मागितली होती. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. घरातली प्रत्येक जुनी माळ पुरावस्तू ठरतेच असे नाही, पण नाण्यांची, इतकी जुनी माळ विमानतळावर अधिकाऱ्याने अडविली तर त्याला दोष देता येणार नाही. तज्ज्ञाकडून दाखला घेण्याचा मार्ग आहे. काकूंनी तो घेतला नाही. मृत्युपत्रात माळ त्याच नातीच्या नावे लिहिली, आणि ठेवण्याची जागा म्हणून बंगळूरच्या धाकट्या नातीच्या आईचे लॉकर. माळेत एकतीस पुतळ्या आहेत. पूर्वी बत्तीस होत्या. एक कधी आणि कशासाठी मोडली हे काकूंना माहीत आहे, आणि त्यांच्या सांगण्यावरून मी तेही यादीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिले.